कानबाईला घर बंद ठेवताना : घरगुती सुरक्षा अलार्मचा पंधरा महिन्यांचा अनुभव

श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशातल्या आमच्यासारख्या कितीतरी घरांना कुलूप लागते. खानदेशची देवी कानबाई गावाकडच्या थोरल्या घरी बसते, तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे असतात, आणि त्यामुळे धुळ्यात देवपूरला आमच्या गल्लीत राहणारी निम्मी कुटुंबे शनिवारी दुपारपासूनच शिंदखेडा, साक्री, शिरपूरच्या दिशेने निघालेली असतात. कोणते घर कधी बंद राहणार हे जाणून घेण्यासाठी चोराला टेहळणीची गरज नाही. त्याचे काम पंचांगावर भागते. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत आमच्या मागच्या गल्लीत एक घर फोडले गेले आणि तेव्हापासून घरात अलार्मचा विषय निघू लागला. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही शहरातल्या एका दुकानातून बिनतारी अलार्मचा संच घेतला. त्याला आता पंधरा महिने झाले असून दोन उन्हाळे, एक पावसाळा आणि एक कानबाई त्याने पाहिली आहे. दुकानाचे आणि संचाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण याच धर्तीचे संच वेगवेगळ्या नावांनी सगळीकडे मिळतात आणि त्यांचे गुणदोषही बहुतेक सारखेच आहेत.

संचात भिंतीवर लावायचे एक पॅनेल, दारा-खिडक्यांचे चार सेन्सर, हालचाल टिपणारे दोन सेन्सर, एक भोंगा आणि किल्लीच्या जुडग्यात अडकवायचे दोन रिमोट आले. संचाचे ९,८०० रुपये आणि बसवण्याचे १,५०० रुपये झाले. पॅनेलमध्ये मोबाइलचे सिम घालावे लागते. एखादा सेन्सर उडाला, म्हणजे त्याने काही टिपले, की भोंगा वाजतो आणि पॅनेल आपण भरून ठेवलेल्या क्रमांकांना एकामागून एक फोन लावते, शिवाय मेसेजही पाठवते. वायफायवर चालणारे संच दिसायला अधिक देखणे आहेत, पण वीज गेल्यावर घरचा राउटरच बंद पडत असेल तर ऐन वेळी त्यांचे तोंड बंद होते, म्हणून आम्ही सिमवाला संच निवडला आणि तो निर्णय योग्य ठरला. पॅनेलच्या पोटात बॅटरी आहे. मुद्दाम प्लग काढून ठेवला तेव्हा ते सहा तासांहून थोडे अधिक चालले.

दाराच्या सेन्सरचे तत्त्व अगदी साधे आहे. चौकटीवर एक लांबट डबी बसते आणि तिच्या शेजारी, दाराच्या फळीवर, एक छोटे चुंबक बसते. डबीत काचेच्या बारीक नळीत लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या असतात. चुंबक जवळ असेपर्यंत त्या एकमेकींना चिकटून राहतात आणि दार उघडून चुंबक दूर गेले की सुटतात. तेवढ्यावर डबी पॅनेलला रेडिओ संदेश पाठवते. ही युक्ती १९३६ साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये टेलिफोनच्या कामासाठी निघाली आणि ती आजही इतकी विश्वासू आहे की संचातला सर्वांत कमी कटकटीचा भाग मला हाच वाटतो. मात्र तो नीट बसवला तर. चुंबक आणि डबी यांच्यात साधारण एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही, आणि आमच्याकडच्या बहुतेक घरांना बाहेरून लोखंडी जाळीचे दार असते, जे चुंबकाचे बळ आपल्यात ओढून घेते. दुकानाने पाठवलेल्या मुलाने चुंबक थेट त्या लोखंडावर दुतोंडी चिकटपट्टीने चिकटवले, चाळीस मिनिटांत सारे आटोपले, हजार-पंधराशेच्या कामाला शोभेल अशी घाई केली आणि तो निघून गेला. एप्रिलच्या मध्यावर दुपारी तीन वाजता, पश्चिमेचे ऊन दारावर आलेले असताना, चिकटपट्टी मऊ पडली, चुंबक बोटभर खाली सरकले आणि भोंगा वाजला. सुताराकडून सागाच्या तीन छोट्या पट्ट्या करून घेतल्या, त्या लोखंड आणि चुंबक यांच्यामध्ये स्क्रूने बसवल्या, आणि तेव्हापासून त्या दाराची तक्रार नाही. हे काम पहिल्याच दिवशी दुकानाने करायला हवे होते.

हालचाल टिपणारा सेन्सर समजून घ्यायला अधिक वेळ लागतो आणि सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याचविषयी आहेत. तो कॅमेरा नाही, त्याला काही दिसत नाही. समोरच्या पांढऱ्या, खाचा असलेल्या भिंगातून तो खोलीचे पट्टे पाडतो आणि एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात उष्णता सरकली की उडतो. म्हणून त्याच्या दिशेने सरळ चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो आणि आडवा जाणारा लगेच कळतो. तो कोपऱ्यात, साधारण सात फूट उंचीवर, चोर आडवा जाईल अशा बेताने लावायचा असतो. काचेच्या पलीकडचे त्याला कळत नाही. आणि तो खिडकीत बसवलेल्या कूलरच्या समोर तर मुळीच असू नये, पण आमच्याकडे तो नेमका तिथेच लावला गेला होता.

उन्हाळ्यातला अनुभव थोडा सविस्तर सांगतो, कारण पुण्या-मुंबईचे परीक्षण वाचून संच घेणाऱ्याला तो मिळणार नाही. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. हिवाळ्यात खोली २० अंशांवर असताना माणूस या सेन्सरला दिव्यासारखा उठून दिसतो. वैशाखात दोन दिवस बंद राहिलेल्या, स्लॅबच्या घरातली हवा ३५-३६ अंशांवर गेली की माणूस आणि भिंत यांच्यातला फरकच पुसट होतो. मी मे महिन्यात मोजून पाहिले. जानेवारीत हॉलच्या दुसऱ्या टोकाला, तेरा-चौदा पावलांवर, उडणारा सेन्सर भर दुपारी सात-आठ पावलांवर येईपर्यंत गप्प होता. महागड्या सेन्सरमध्ये तापमानानुसार संवेदनशीलता जुळवून घेण्याची सोय असते. खोक्यावर ती लिहिलेली आहे का हे धुळे-जळगावच्या ग्राहकाने आवर्जून पाहावे. आमच्यात ती नाही, म्हणून उन्हाळ्यात आमची खरी भिस्त दारांच्या सेन्सरवर राहते.

ही मोजणी करताना आणखी एक गोष्ट उलगडली. सुरुवातीला आम्ही सेन्सरसमोर एकदा चाललो की तो उडायचा आणि लगेच पुन्हा चाललो की ढिम्म राहायचा, त्यामुळे तो बिघडलेला आहे असे समजून मी दुकानात दोन खेपा मारल्या. प्रत्यक्षात बॅटरी वाचवण्यासाठी तो एकदा उडाल्यावर, समोर काहीच हालचाल न होता तीन मिनिटे गेल्याशिवाय पुन्हा जागा होत नाही. मागचे झाकण काढले की आत एक इवलीशी काळी टोपी दोन पिनांवर बसवलेली दिसते. ती बाजूच्या पिनांवर सरकवली की हा काळ पाच सेकंदांवर येतो आणि मग हवी तितकी चाचणी घेता येते. चाचणी झाल्यावर टोपी परत जागेवर ठेवायची, नाहीतर बॅटरी महिन्या-दोन महिन्यांत संपते. दुकानदारालाही हे ठाऊक नव्हते, हे मला जास्त खटकले.

आता रिमोटविषयी. त्यावर चार बटणे आहेत : बंद कुलूप, उघडे कुलूप, विजेची आकडी आणि घंटा. बंद कुलूप म्हणजे सगळे सेन्सर चालू, म्हणजे घरात कोणी नसताना वापरायचे. उघडे कुलूप म्हणजे सगळे बंद. घंटा म्हणजे संकटाची हाक. ती दाबली की अलार्म लावलेला असो वा नसो, भोंगा वाजतो. विजेच्या आकडीचा अर्थ मात्र आम्हांला कोणी सांगितला नाही, आणि तिचा करंटशी काही संबंध असावा म्हणून आई त्या बटणाला हातही लावत नसे. वास्तविक रात्री घरात माणसे झोपलेली असताना दारांचे सेन्सर चालू आणि हॉलमधला हालचालीचा सेन्सर बंद ठेवण्यासाठी तेच बटण आहे. हे न कळल्यामुळे पहिल्या आठवड्यात मी रात्री बंद कुलूप दाबून झोपलो, पहाटे चार वाजता आई पाणी प्यायला उठली, आणि शंभराहून अधिक डेसिबलचा तो भोंगा घरातच वाजला. ती हातातला तांब्या टाकून मटकन खाली बसली. दोन मिनिटांत शेजारचे दादा काठी घेऊन फाटकात उभे होते आणि ओरडून विचारत होते, "काय व्हयनं? मझार कोनी शे का?" (काय झालं? आत कोणी आहे का?) माणसे धावून येतात एवढी त्या पहाटे खात्री झाली, पण आईला पुढे महिनाभर त्या पॅनेलची धास्ती वाटत होती. घरात वृद्ध माणूस असेल तर संच बसवून झाल्यावर चारही बटणे त्यांच्याच हाताने दाबून घ्यावीत आणि भोंग्याचा आवाज त्यांना आधी दिवसाउजेडी ऐकवावा.

कानबाईच्या रात्री संचाची खरी परीक्षा झाली. गावी जागरण चालू होते, गाणी रंगात आली होती आणि रात्री साडेअकराला खिशातला फोन वाजला. पॅनेलचा फोन होता. पाठोपाठ मेसेज आला की झोन पाचमध्ये अलार्म झाला आहे. झोन पाच म्हणजे दार, खिडकी की हॉल, हे मला सांगता येईना, कारण सेन्सर जोडताना दुकानाच्या मुलाने त्यांना क्रमांक दिले पण कोणता क्रमांक कुठला हे कुठेच लिहून ठेवले नव्हते. चोर मागच्या दाराने शिरला असेल तर शेजाऱ्याला पुढच्या दाराने आत जा म्हणणे किती धोक्याचे आहे, हे त्या पाच मिनिटांत कळले. शेवटी दादांना आत जाऊ नका, बाहेरून दोन्ही दारे आणि खिडक्यांचे गज तेवढे पाहा, असे सांगितले. सगळे जागच्या जागी होते. मग ते त्यांच्या मुलाला बरोबर घेऊन आमच्याकडून ठेवलेल्या किल्लीने आत गेले, तेव्हा हॉलमधल्या सेन्सरच्या भिंगावर हातभर अंतरावरूनही ठसठशीत दिसेल अशी एक पाल बसलेली होती. भिंगाला अगदी खेटून चाललेली पाल त्या सेन्सरच्या लेखी माणसाएवढीच असते. तेव्हापासून सेन्सरच्या मागची फट सिलिकॉनने बंद केली आहे, आणि 'एक : पुढचे दार, दोन : मागचे दार, तीन : स्वयंपाकघराची खिडकी' अशी यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली असून तिचा फोटो माझ्या आणि दादांच्या फोनमध्ये आहे.

पॅनेलमध्ये कोणाचे क्रमांक भरावेत याविषयी लोक विचारतात. ११२ त्यात भरू नये. तिकडे बसलेल्या माणसाला पत्ता आणि परिस्थिती विचारायची असते, आणि ध्वनिमुद्रित आवाज त्याला उत्तर देऊ शकत नाही. शिवाय अशा पाली पुष्कळ असतात. आपला क्रमांक, घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी आणि चालत दोन मिनिटांत पोहोचेल अशा शेजाऱ्याचा क्रमांक भरावा, आणि खात्री झाल्यावर ११२ ला माणसाने फोन करावा. पॅनेलचा मूळ संकेतांक पुस्तिकेत छापलेला असतो, म्हणजे तो सगळ्यांना ठाऊक असतो. तो पहिल्या दिवशी बदलावा.

सिमने एकदा दगा दिला, पण तो दोष माझा. रिचार्जची मुदत संपली होती आणि महिन्याच्या चाचणीत भोंगा वाजला पण फोन आला नाही, तेव्हा लक्षात आले. आता लांब मुदतीचा रिचार्ज आहे. सिम घेताना आणखी एक पाहावे लागते : आमचे पॅनेल टूजीवर चालते, त्यामुळे ज्या कंपनीचे टूजीचे जाळेच नाही तिचे सिम त्यात चालत नाही. नवा संच घेणाऱ्याने फोरजीवर चालणाराच घ्यावा.

या संचाचा एक मूलभूत दोष दुकानात कोणी सांगणार नाही. त्याचे सेन्सर फक्त बोलतात, ऐकत नाहीत. दार उघडताना संदेश जातो, पण दार उघडेच राहिले आहे की बंद झाले हे पॅनेलला माहीत नसते. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी ठेवून बंद कुलूप दाबले तरी ते काही कुरकुर न करता चालू होते. एखाद्या सेन्सरची बॅटरी पूर्ण संपली तरी त्याच्या मौनाचा अर्थ पॅनेल 'सर्व ठीक' असाच लावते. दोन्ही बाजूंनी संवाद करणारे संच मिळतात, त्यांची किंमत दुप्पट-तिप्पट होते, आणि घरात खरोखर मोठा ऐवज असेल तर ती द्यावी. आमच्यासारख्या घरासाठी मी हाच संच पुन्हा घेईन, पण बसवण्याचे काम त्या दुकानाला देणार नाही. संचाला पाचपैकी साडेतीन, बसवणीला एक.

अलार्म चोराला अडवत नाही, तो फक्त ओरडतो. अडवण्याचे काम कडी-कुलपाचे आहे. गावी आमच्या धाब्याच्या घराला दाराच्या आत भिंतीत सरकणारा जाड सागाचा अडसर आहे आणि त्याला आजवर ना बॅटरी लागली ना रिचार्ज. देवपूरच्या घराला यंदा मागच्या दारासाठी तसाच लोखंडी अडसर करून घेतला. संचाची एक वर्षाची हमी फेब्रुवारीत संपली. पंधरा महिन्यांत सागाच्या पट्ट्या, सिलिकॉनची एक नळी आणि दाराच्या दोन सेन्सरच्या बॅटऱ्या एवढाच वरखर्च झाला आहे. शेजारच्या दादांनीही परवा हाच संच मागवला आणि त्यांचे सेन्सर येत्या रविवारी मी स्वतः बसवून देणार आहे.