हंसाच्या पिल्लाला पायात कडी की गळ्यात कॉलर?

हंसाची पिल्लं किती जगतात याचा अभ्यास करायचाय, मग पिल्लांना ओळखखूण कोणती लावू, असं एकाने विचारलं. उदाहरणाला कॅनडातल्या हडसन उपसागराकाठचे स्नो गूज (पांढरे रानहंस) घेऊ.

पकडण्याचा त्रास दोन्हींत सारखाच, आणि पिल्लांना खरा धोका तिथेच. पिसं झडल्याने मोठे पक्षी उडू शकत नाहीत, तेव्हा अख्खा कळप हाकून जाळीच्या कुंपणात घेतात. गडबडीत पिल्लू आईबापांपासून तुटलं, की गल (समुद्रपक्षी) आणि आर्क्टिक कोल्हे टपलेलेच. म्हणून सगळ्यांना एकत्र सोडणं मला खुणेच्या निवडीहून महत्त्वाचं वाटतं.

धातूची कडी हलकी. पण तिच्यावरचा आकडा बहुधा पक्षी पुन्हा सापडल्यावर किंवा शिकाऱ्याने कळवल्यावरच मिळतो. कॉलर लांबून दुर्बिणीने वाचता येते, मात्र थंडीत तिच्यावर बर्फ साचतो, जगण्याचा दरही घटलेला आढळलाय.

दर मोजायचा तर कडीच. प्रवासाचा माग हवा तर कॉलर, तीही मोठ्या पक्ष्यालाच.