पगारपावतीवरचे २१९.७० तास

भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनखाली पत्रा दाबून भाग काढतात तिथे, मी २०१८ साली ठेकेदाराकडून कामाला होतो. तासाला ५० रुपये. सकाळी ८ ला पंच करून आत, संध्याकाळी साडेपाचला बाहेर. मधे जेवणाची अर्धा तास सुट्टी. म्हणजे रोजचं निव्वळ काम ९ तास. महिन्याला २६ दिवस भरले की २३४ तास व्हायला हवेत. पावतीवर मात्र २१९.७० असायचे. चौदा महिने मी फक्त खालची रक्कम बघून पावती घडी घालून ठेवत होतो, ही माझी चूक.

एके दिवशी तो .७० डोळ्यांत खुपला. तासाला मिनिटं साठच, मग हे सत्तर कुठून आले? मुकादमाच्या हजेरीत पाहिलं तर रोज माझ्या नावापुढे ८.४५. जेवणाचा अर्धा तास आणि वर चहाची १५ मिनिटं कापलेली. चहा आम्ही प्रेससमोर उभ्यानं प्यायचो, एक हात कामावरच. मशीन त्या वेळात एकदाही बंद झालेलं मला आठवत नाही.

तरी खरी मेख पुढे होती. ८.४५ म्हणजे पावणेनऊ तास, हे बरोबर. पण पगार काढताना त्याच ८.४५ ला थेट ५० नं गुणायचे. पाऊण तास म्हणजे .७५, .४५ नव्हे! त्या एका पॉईंटपायी रोज १८ मिनिटं गेली, चहाची १५ वेगळी. दोन्ही मिळून दिवसाला साडेसत्तावीस रुपये, महिन्याला ७१५. माझ्या घरी तेव्हा एवढ्यात गॅसचं सिलिंडर यायचं.

विचारलं तर उत्तर मिळालं, "सिस्टीमच तसं काढते." मी कामगार उपायुक्त कार्यालयात गेलो. तेव्हा लागू असलेला कारखाने अधिनियम १९४८ तिथे पहिल्यांदा नीट समजला. त्यात होतं, सलग पाच तासांच्या वर काम नाही, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती. दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर गेलं की दुप्पट दर होता. आमचे आठवड्याचे तास ५४ व्हायचे. अहो, त्यांच्याच खोट्या हिशोबानंही ५०.७० होत होते, पण ओटीचा, म्हणजे ओव्हरटाईमचा, रुपया कधी दिसला नाही.

मी अर्ज केला, पण हातात पावत्या तीनच महिन्यांच्या. बाकीच्या कुठे गेल्या, सापडल्या नाहीत. हजेरी ठेकेदाराच्या ताब्यात. शेजारच्या प्रेसवरचे दोघे सांगायला तयार होते, पण कंत्राट संपत आलं तसे गप्प बसले. त्यांना दोष देत नाही, घर त्यांनाही चालवायचं होतं. शेवटी ठेकेदारानं पॉईंटची चूक तेवढी मान्य केली. महिन्याचे ३९० प्रमाणे तीन महिन्यांचे ११७० रुपये मिळाले. चहाचे आणि ओटीचे बुडाले ते बुडालेच.

तुमच्या पावतीवर तास पॉईंटमध्ये असतील तर एका दिवसाचा हिशोब आजच करून बघा. अर्ध्या तासाचे .५० धरलेत की .३०, हे आधी तपासा. सुट्टी किती कापली आणि प्रत्यक्षात किती मिळाली, हे रोजच्या रोज तारखेसह वहीत लिहा, आणि पंच करताना मशीनवर दिसलेली वेळही. पावती टाकू नका, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. थकलेल्या पगाराच्या दाव्याला तेव्हा १२ महिन्यांची मुदत होती. मी जागा झालो तेव्हा माझे पहिले दोन महिने तसेही हातचे गेले होते.