‘तुमचं चित्र विकलं गेलंय’ असा फोन आला तर आधी हे वाचा

53,200 रुपये आणि सहा मूळ चित्रं. एवढं गेलं. फ्रेमचे 8,100 वेगळे.

मी लातूरचा. एका शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात जलरंगात काम करतो. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या बोलक्या भिंती रंगवायचा माझा दर चौरस फुटाला 35 रुपये आहे. म्हणजे 1,520 चौरस फूट भिंत, उन्हात शिडीवर उभं राहून रंगवलेली, एका टोळीच्या घशात गेली. हा हिशोब आधीच मांडतो, कारण पोलिसांपासून पाहुण्यारावळ्यांपर्यंत प्रत्येकानं मला एकच विचारलं, ‘सर, एवढे शिकलेले असून कसे काय फसलात?’ कसा फसलो ते वाचा आणि मग बोला.

2024 च्या दिवाळीनंतर इन्स्टाग्रामवर मेसेज आला. कुठलंसं आर्ट फाउंडेशन, महानगरात भरणारं राष्ट्रीय प्रदर्शन, ‘तुमच्या कामाची निवड झाली आहे’. त्या फाउंडेशनचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, नंतर परभणीच्या एका चित्रकाराला तोच फॉर्म, तीच वाक्यं, वेगळ्या नावानं आली होती. नाव लक्षात ठेवू नका, पद्धत लक्षात ठेवा. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: गोड बोलणाऱ्या मॅडम, व्हॉट्सअॅप ग्रुप, ग्रुपमध्ये ‘थँक यू मॅडम, माझं पेंटिंग गेलं’ म्हणणारे तीनचार जण, जे बहुधा त्यांचेच होते.

नोंदणीचे 1,500. सहभागाचे 22,000. कॅटलॉगचे 4,500. इथं मला अडवू नका. ‘पैसे मागितले तिथंच कळायला पाहिजे होतं’ असं म्हणणाऱ्यांना चित्रकाराचं जग माहीत नाही. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासूनची संस्था, तिच्या वार्षिक प्रदर्शनालाही प्रवेशशुल्क भरावं लागतं. जहांगीर कलादालनात भिंत मिळायला वर्षानुवर्षं रांगेत थांबायचं आणि नंबर लागला की भाडं भरायचं. मुंबईत राहायचा, जेवायचा, चित्रं न्यायचा खर्च आणखी. आमच्याकडं लातूर, बीड, नांदेड, धाराशिवला चित्र लावायला ढंगाची जागा कुठं आहे? लग्नाचं कार्यालय नाहीतर शाळेचा हॉल. बघायला ओळखीचे लोक येतात, ‘छान आहे’ म्हणतात, चहा घेतात आणि जातात. त्यातला एखादा म्हणतो, ‘सर, आमच्या पोराचं एक पोर्ट्रेट करून द्या, ओळखीत किती घेता?’ अशा माणसाला कुणी म्हणालं की 28,000 मध्ये महानगरात सहा चित्रं लागतील, छापील कॅटलॉग मिळेल, तर तो भरणारच. मी भरले आणि त्याची मला लाज नाही. लाज मला पुढच्या गोष्टीची आहे.

फरक सांगून ठेवतो, कारण तो मला कुणीच सांगितला नव्हता. भाड्यानं हॉल देणारं कलादालन भाडं घेतं, पावती देतं आणि भिंत तुमच्या ताब्यात देतं. खिळा तुम्ही ठोकता, दिवसभर चित्रांजवळ तुम्ही बसता, संध्याकाळी कुलूप लागताना तुम्ही तिथं असता. दुसरी असते व्यावसायिक गॅलरी. ती चित्र ठेवून घेते आणि विकलं गेल्यावर आपलं कमिशन कापते, आधी काही मागत नाही. बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या जुन्या संस्थेचं वार्षिक प्रदर्शन सोडलं, तर जो आधी पैसेही घेतो आणि चित्रंही स्वतःकडं नेतो, तो या दोन्हींतला नाही. त्याला चित्र देऊ नका.

चित्रं छत्रपती संभाजीनगरला एका हॉटेलच्या लॉबीत जमा करायची होती. ‘मराठवाड्याचं कलेक्शन तिथं आहे, सर, तुम्हाला मुंबईपर्यंत यायला नको.’ मला ते सोयीचं वाटलं. तिथं आणखीही चित्रकार आलेले, बबल रॅपमध्ये गुंडाळलेल्या फ्रेमा सांभाळत उभे. खोटं असतं तर एवढे लोक कशाला आले असते, असं प्रत्येकाला दुसऱ्याकडं बघून वाटत होतं. एका पोरानं सगळ्यांची चित्रं मोजली आणि एका कागदावर ‘6 फ्रेम प्राप्त’ एवढंच लिहून दिलं. चित्रांची नावं नाहीत, माप नाही, किंमत नाही. सही कुणाची ते वाचता येत नाही. पावती घ्या तर पूर्ण घ्या: प्रत्येक चित्राचं नाव, माध्यम, माप, ठरलेली किंमत, परत करायची तारीख, घेणाऱ्याचं पूर्ण नाव आणि ओळखपत्राची झेरॉक्स. देत नसेल तर चित्र उचला आणि बसस्टँड गाठा.

दिलेल्या चित्रांत नळदुर्गचा पाणीमहाल होता. औशाचा किल्ला होता, खरोसा लेणी होती, उदगीरचा बुरूज होता आणि गंजगोलाईची पहाट, 16 रस्ते जिथं येऊन मिळतात तिथली. ही पाच चित्रं मी नव्यानं करू शकतो. पुन्हा बसेन, पुन्हा करेन, तशी होणार नाहीत पण होतील.

सहावं होणार नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्या वेळचं ते चित्र आहे. नळाला कधी पाणी येईल याचा भरवसा नव्हता, घराघरांत रिकाम्या घागरींची रांग. स्टेशनवर उभं राहून मी पेन्सिलीनं स्केचेस केली आणि घरी येऊन ते मोठ्या कागदावर उतरवलं. ब्रश धुवायलाही पाणी मोजून घ्यायचो, एकाच मगातलं गढूळ पाणी शेवटपर्यंत वापरलं. त्यामुळं चित्रातल्या आभाळाला एक मातकट राखाडी झाक आली आहे, ती मला परत कधी मिळवता आली नाही. ते मी विकायला काढलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, ‘सर, ज्युरींना तेच सगळ्यांत आवडलंय, ते नसेल तर तुमची भिंत फिकी पडेल.’ बायको नको म्हणत होती.

फेब्रुवारीत फोन आला. ‘अभिनंदन सर, पाण्याची रेल्वे 1,40,000 ला गेली.’ माझं आतापर्यंत सगळ्यांत महाग गेलेलं चित्र 9,000 चं. मागोमाग व्हॉट्सअॅपवर फोटो आला. पांढरी भिंत, वरून पडलेला दिव्याचा झोत, माझं चित्र आणि खाली नावाच्या पट्टीवर लाल टिकली. चित्र विकलं की गॅलरीत लावतात ती टिकली. ती बघायची म्हणून आम्ही आयुष्यभर राबतो.

आता ऐका. त्या फोटोतल्या चित्रावर माझी सही नव्हती.

रंग पूर्ण वाळल्याशिवाय मी सही करत नाही, ही माझी सवय आहे. निवडीसाठी मी मॅडमना जो फोटो पाठवला होता तो 2016 चा, चित्र संपलं त्याच संध्याकाळी काढलेला, सहीच्या आधीचा. फ्रेमची काच चमकते म्हणून जुनाच पाठवला होता. चित्रावर सही दुसऱ्या दिवशी केली, खाली उजव्या कोपऱ्यात. म्हणजे भिंतीवर माझं चित्र नव्हतंच. मी पाठवलेला फोटो कापून कुणाच्या तरी भिंतीवर चिकटवला होता. आणि मी ते पाहिलं होतं! कोपरा मोकळा आहे हे मला दिसलं होतं, त्यावर बोट ठेवून मी फोटो मोठा करून बघितला होता. मग मनानंच उत्तर दिलं, माउंटखाली, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती लावतात त्या जाड कागदी चौकटीखाली, सही दबली असेल. फ्रेमवाल्याला माउंट कापताना मीच बजावून सांगितलं होतं की सही मोकळी ठेव. मला हे माहीत होतं आणि तरी मी दबली असेल म्हणालो. हा क्षण मला अजून रात्री झोपू देत नाही. दुसरा कुणी फसला असता तर समजू शकतो, पण दहावीपासून ज्यानं डोळ्यांवर पोट भरलं त्याला ते दिसलं आणि त्यानं बघितलं नाही.

पण 1,40,000 म्हणजे काय हे माझ्या जागेवर बसून बघा. मुलीची फी होती. तासिकेचं मानधन महिनोन्‌महिने अडकलेलं होतं. त्या वेळी डोळे मनाचं ऐकतात.

मग जीएसटी आला. 16,800. हिशोब करून बघा, 1,40,000 चे बरोब्बर 12 टक्के, आणि चित्रांवर तेव्हा 12 टक्केच होता, 2025 च्या सप्टेंबरमध्ये तो 5 झाला. आकडा चोख बसला म्हणून मी भरले. जीएसटी गिऱ्हाइकाकडून बिलातच घेतला जातो आणि विकणारा तो सरकारला भरतो. चित्रकाराला स्वतःचे पैसे मिळण्याआधी कुणाच्या तरी खात्यावर जीएसटी टाकावा लागत नाही, कधीच नाही. हे पाठ करा. मग ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’चे 8,400, परत मिळणारे म्हणून. या वेळी यूपीआयवर फाउंडेशनचं नाव न येता कुणा एका माणसाचं नाव आलं. मॅडम म्हणाल्या, ‘आमचे अकाउंटंट आहेत.’ पैसे गेले आणि फोन बंद. व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मला काढून टाकलं.

बँकेत गेलो. ‘सर, पिन तुम्हीच टाकलाय ना? मग आम्ही काय करणार?’ सायबर मदतीच्या 1930 नंबरवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक मिळाला. पैसे गेल्यावर लगेच केलेल्या फोनचा उपयोग होतो, रक्कम पुढं सरकायच्या आत खातं गोठवता येतं. मी मॅडमचा फोन लागेल म्हणून वाट बघत बसलो, तोवर खातं रिकामं झालं होतं. तुम्ही वाट बघू नका. शंका आली की आधी 1930, मग घरच्यांना सांगा, मग रडा.

पण मला खरा राग आहे तो पोलीस ठाण्याचा. लातूरला म्हणाले, चित्रं संभाजीनगरात दिली ना, मग हद्द तिथली. संभाजीनगरला म्हणाले, पैसे लातूरहून पाठवले, तुमच्याच गावात तक्रार द्या. सायबरवाले म्हणाले, चित्रं तुम्ही हातानं दिली, यात सायबर काय आहे? हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस थेट तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ते स्पष्ट लिहिलंय, झिरो एफआयआर म्हणतात त्याला. हे मी वकिलाकडून लिहून घेऊन गेलो तेव्हा कुठं कागद पुढं सरकला.

आणि मग मुद्देमालाच्या रकान्याशी येऊन थांबला. 53,200 लगेच लिहिले, ट्रान्झॅक्शनचे स्क्रीनशॉट होते. सहा चित्रांपुढं लिहायची वेळ आली तेव्हा विचारलं, ‘बिल आहे का?’

‘मी स्वतः काढलेली आहेत.’

‘मग खरेदीची पावती?’

‘साहेब, मी विकत घेतली नाहीत. काढली.’

‘मग कागदाची न् रंगाची काय किंमत होईल ते सांगा. चार-पाचशे? उगं कशाला कुटाणा वाढवता, सर.’

मोबाइल चोरीला गेला तर किंमत लिहितात, म्हैस गेली तरी लिहितात. सोयाबीनचं पोतं गेलं तर बाजारभाव बघून लिहितात. माणसानं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तूला मात्र बिल नाही म्हणून किंमत नाही! मी जुन्या विक्रीचे पुरावे दाखवले, आधीच्या गिऱ्हाइकांची नावं दिली. शेवटी ‘अंदाजे 3,000’ असं लिहिलं. सहा चित्रांचे. मी सही करायला नकार दिला तर म्हणाले, मग राहू द्या. सही केली. तपास सुरू आहे एवढंच उत्तर तेव्हापासून मिळतंय.

वकिलांनी सांगितलं ते सगळ्या चित्रकारांनी ऐकावं. विश्वासानं सोपवलेली वस्तू परत न देणं हा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे, कलम 316, आणि फसवणूक कलम 318. तक्रारीत दोन्ही मागा, नाहीतर चित्रं बाजूला राहतात आणि फक्त पैशाचं प्रकरण होतं. प्रत्येक चित्राचं बिल स्वतः बनवून ठेवा, विकलं नसलं तरी किंमतपत्रक करून तारीख टाकून ठेवा. सहीसकट पुढून फोटो काढा, मागून काढा, कडेचाही काढा. आणि फॉर्मचं शेवटचं पान वाचा. माझ्या फॉर्मवर चौथ्या पानाला ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ असं बारीक अक्षरात होतं. चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडंच राहतो, जोवर तो तुम्ही लेखी देऊन टाकत नाही. त्यांना कागदावर डोळे झाकून केलेली सही हवी असते ती त्यासाठीच, मूळ चित्रावरून प्रिंटा काढून विकायच्या म्हणून.

म्हणून शेवटची विनंती. पाण्याची रेल्वे कुठं दिसली तर बघून ठेवा. उभं चित्र, 30 बाय 22 इंच, जलरंग, वरच्या अर्ध्या भागात मातकट राखाडी आभाळ, डाव्या अंगाला टाक्यांच्या डब्यांची रांग, पुढं पाठमोरी उभी दोन बायामाणसं, एकीच्या डोक्यावर रिकामी घागर. सही खाली उजव्या कोपऱ्यात, देवनागरीत, 2016 सालासह. कुठल्या हॉटेलात, ऑफिसात, फर्निचरच्या दुकानात मूळ असो वा प्रिंट, फोटो काढा, कुठून घेतलं ते विचारा, बिल बघा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा. त्यांनी बिल मागितलं तर सांगा, ज्यानं काढलंय तो लातूरला आहे, त्याला बोलवा.