स्टेशनचं नाव बदलायचंय? मुंबईतल्या सात प्रस्तावांची तुलना

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मुंबई लोकलच्या सात स्टेशनांची नावं बदलण्याचा ठराव मंजूर केला. करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, मरीन लाइन्सचं मुंबादेवी, चर्नी रोडचं गिरगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी, डॉकयार्ड रोडचं माझगाव आणि किंग्ज सर्कलचं तीर्थंकर पार्श्वनाथ. राज्यानं ठराव केला की काम संपत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाची संमती लागते, मग राजपत्र, मग रेल्वेचा स्टेशन कोड, पाट्या, तिकिटं आणि उद्घोषणा.

अशा नामांतराला पाठिंबा देणाऱ्या निवेदनांवर मंडळांकडून, रहिवासी संघांकडून सह्या मागितल्या जातात आणि सगळी नावं एकाच गठ्ठ्यात येतात. इंग्रजी अमदानीची नावं काढा, ही मागणी रास्तच आहे. लॉर्ड सँडहर्स्ट १८९५ ते १९०० मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या नावाच्या रस्त्याला सरदार वल्लभभाई पटेलांचं नाव देऊन कैक वर्षं झाली, स्टेशन मात्र अजून त्यांचंच. पण जुनं नाव का काढायचं हे पटलं, तरी नवं कुठलं ठेवायचं हा प्रश्न उरतोच. माझं मत आधीच सांगते: स्टेशनचं नाव हा सर्वप्रथम पत्ता असतो. उतरणारा माणूस नाव ऐकून जिथे पोचेन असं धरून चालतो, तिथेच तो पोचला पाहिजे. त्या कसोटीवर या सातांपैकी काही नावं चोख आहेत, एक-दोन साफ पडतात.

सोपी आधी संपवू. डोंगरी, माझगाव आणि काळाचौकी या तिघांना बिनधास्त पाठिंबा द्यावा. वस्तीची नावं आहेत, रोजच्या बोलण्यातली आहेत, मुंबईच्या लोकलवर या नावांचं दुसरं स्टेशन नाही. माझगाव तर मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. हीच वाट आधी प्रभादेवीनं चोखाळली आहे. जुलै २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोड पुसलं गेलं आणि फारसा गोंधळ न होता नवं नाव रुळलं, कारण स्टेशनबाहेरच्या वस्तीला लोक आधीपासून प्रभादेवीच म्हणत होते.

लालबागवर मात्र थांबायला हवं. नाव म्हणून ते उत्तम आहे. गिरण्या, चिवडा गल्ली, गणपती, सगळं त्या एका शब्दात येतं आणि करी रोडला उतरणारा गणेशोत्सवातला पाहुणा जातो तो लालबागलाच. अडचण गर्दीची आहे. आज दर्शनाला येणारी माणसं विभागली जातात. कुणी चिंचपोकळीला उतरतं, कुणी करी रोडला, हार्बरवरून येणारे कॉटन ग्रीनला. उद्या एकाच पाटीवर ‘लालबाग’ असं लिहिलं, की बाहेरगावहून आलेला प्रत्येक जण तिथेच उतरणार. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळला जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेवीस माणसं गेली. त्या दिवशीचं कारण वेगळं होतं, पण अरुंद पूल आणि अचानक साठलेली गर्दी काय करते हे या भागानं पाहिलेलं आहे. म्हणून लालबाग या नावाला हो म्हणताना त्याच पत्रात जिने, पूल आणि उत्सवाच्या दिवसांतली बाहेर पडायची व्यवस्था आधी वाढवून द्या अशी अट घालावी. नावामुळे माणसं कुठे उतरायचं ते ठरवतात, हे नाव ठरवणाऱ्यांनी डोक्यात ठेवलंच पाहिजे.

आता चर्नी रोड आणि गिरगाव. हा सगळ्यात अवघड सामना, कारण दोन्ही बाजू आपल्याच आहेत. चर्नी रोडला कुणा साहेबाचं नाव नाही. गुरांच्या चरण्याच्या कुरणावरून ते आलं, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. सरकारनं चराईवर कर बसवला तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी ठाकूरद्वारजवळची जागा विकत घेऊन गुरांना मोकळी करून दिली, ही हकीकत तिथल्या जुन्या लोकांच्या तोंडी आहे. म्हणजे ‘इंग्रजी नाव’ म्हणून काढायच्या यादीत ते बसतच नाही. दुसऱ्या बाजूला गिरगावकरांची भावना मला मनापासून कळते. चाळी पडताहेत, माणसं वसई-विरारला आणि डोंबिवलीला गेली, निदान नाव तरी ठळक दिसावं असं वाटणारच.

पण मधल्या काळात एक गोष्ट बदलली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि जगन्नाथ शंकरशेठ रस्त्यावर (जेएसएस रोड) ‘गिरगाव’ नावाचं स्टेशन आलं. आता लोकलचंही गिरगाव केलं, तर दोन गिरगावं होतील, आणि ती एका आवारात नाहीत. ‘गिरगाव स्टेशनबाहेर भेट’ असं फोनवर सांगितलं, की एक जण मरीन ड्राइव्हच्या बाजूला उभा आणि दुसरा जेएसएस रोडवर. रुग्णवाहिकेला असाच पत्ता दिला तर? दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वेचं नाव एकच आहे, पण तिथे एका पुलावरून इकडून तिकडे जाता येतं, म्हणून ते चालतं. माझा कौल इथे चर्नी रोड तसंच ठेवण्याकडे आहे. गिरगावला त्याचं नाव, गिरगावच्या पोटात, मिळालेलं आहे.

मरीन लाइन्सचं मुंबादेवी करू नये असं मला ठामपणे वाटतं. ज्या देवीवरून शहराचं नाव पडलं तिचा मान मोठा, त्याबद्दल दुमत नाही. पण देऊळ आहे भुलेश्वर-झवेरी बाजारात. मरीन लाइन्सला उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाला तिथवर गर्दीतून बरंच चालावं लागेल. मेट्रोचं काळबादेवी स्टेशन त्याहून सोयीचं. अशी चूक पुण्यानं करून पाहिली आहे. मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात, २०२२ साली, नाशिक फाट्यावरच्या स्टेशनला ‘भोसरी’ नाव दिलं होतं. भोसरी गाव तिथून काही किलोमीटर आत. भोसरीला जायचं म्हणून उतरलेला माणूस पुन्हा बस नाहीतर रिक्षा शोधणार. शेवटी ते नाव बदलून नाशिक फाटाच करावं लागलं.

देवांची नावं नकोत, असा याचा अर्थ काढू नका. जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मधलं राम मंदिर स्टेशन डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालं. बांधकाम सुरू असताना त्याला ओशिवरा म्हणत. तिथे राम मंदिर रोड खरोखर आहे, देऊळही जवळ आहे, त्यामुळे रिक्षावाल्याला दुसरं काही सांगावं लागत नाही.

व्यक्तींच्या नावांचा अनुभव पाहायचा तर कोलकात्याकडे पाहावं. तिथल्या मेट्रोच्या एकाच मार्गावर ‘नेताजी’, ‘नेताजी भवन’ आणि ‘कवी सुभाष’ अशी तीन स्टेशनांची नावं ठेवली गेली, आणि तिसरं नाव नेताजींचं नसून कवी सुभाष मुखोपाध्याय यांचं. नवख्यानं काय करावं? नाव लांबलं तर आणखी एक नुकसान होतं. व्हीटीचं (व्हिक्टोरिया टर्मिनसचं) १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये ‘महाराज’ जोडलं गेलं, आणि आज आपण सगळे म्हणतो ‘सीएसएमटी’. ज्यांच्यासाठी नाव दिलं तेच उच्चारात राहिले नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. लोकल स्टेशनात अर्धा मिनिटही धड थांबत नाही. ‘पुढील स्टेशन’ ही घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तीनदा होते, दारात खेटून उभ्या माणसाला तेवढ्यात नाव ऐकू येऊन कळायला हवं. मेट्रोत स्टेशनच्या नावाआधी कंपन्यांची नावं जोडतात, तिथेही हीच कसोटी लावावी. करार संपला की ते नाव जाणार, म्हणून मूळ जागेचं नाव पुसलं जाता कामा नये.

किंग्ज सर्कलचं नाव याच कारणानं मला पटत नाही. तीर्थंकर पार्श्वनाथ हे नाव आदराचं, पण ते ऐकून आपण शहराच्या कुठल्या भागात आलो हे कळत नाही. माटुंगा म्हणावं तर मध्य रेल्वेवर माटुंगा आहे, पश्चिमेला माटुंगा रोड. त्या परिसरातली माणसं रोज वापरतात असं एक नाव मात्र आहे: गांधी मार्केट. पावसाळ्यात पाणी भरलं की बातमीतही तेच येतं, टॅक्सीवाल्यालाही तेच कळतं. निवेदनात पर्याय सुचवायला जागा असेल, तर किंग्ज सर्कलपुढे ते लिहावं, आणि तीर्थंकरांचं नाव स्टेशनच्या प्रवेशद्वाराला द्यावं अशी विनंती सोबत जोडावी. बदलेल त्या प्रत्येक स्टेशनवर निदान पहिली दोन वर्षं पाटीवर जुनं नावही खाली लहान अक्षरांत ठेवा, हेही लिहायला विसरू नका.