आर-एक्स १०० चं चार्जिंग: दोन बॅटऱ्या, सात बल्ब आणि रंगाखालचा एक बोल्ट

मे महिन्यात माझ्या यामाहा आर-एक्स १०० मोटारसायकलची दुसरी बॅटरी काढली तेव्हा ती दोन्ही बाजूंनी पावासारखी फुगली होती. डब्याचा पत्रा जरा वाकवल्याशिवाय बाहेर येईना. खाली, जानेवारीत हौसेनं करून घेतलेल्या पावडर कोटिंगवर (भट्टीत भाजून पक्का केलेला रंग), पहिल्या बॅटरीनं सांडलेल्या ॲसिडचा पांढरा डाग होताच. दुकानदारानं बघितलं आणि म्हणाला, "ओव्हरचार्जिंग झालंय, वॉरंटीत बसत नाही." बॅटरी काउंटरवरून परत माझ्याकडं सरकवली. साडेनऊशे रुपये आणि अडीच महिने. मी भांडलो. रेक्टिफायरचं युनिट (इंजिनावर तयार होणारी वीज बॅटरीजोगी करून आटोक्यात ठेवणारं) मार्चमध्येच नवीन टाकलंय, बिल आहे माझ्याकडं, ओव्हरचार्जिंग होईलच कसं? तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

गाडी वडिलांची, १९९४ ची. इंजिनाला मी हात लावू दिलेला नाही, किक अजून पहिल्या-दुसऱ्याला लागते. फक्त चेसी गंजली होती म्हणून गाडी पूर्ण उघडून कोटिंग करून घेतली. त्यानंतर हे सगळं सुरू झालं, पण हे वाक्य मला ऑगस्टपर्यंत सुचलं नाही.

आता युनिटबद्दल, कारण लिहायला बसलो ते त्याच्यासाठी. मार्चमध्ये पहिली बॅटरी कोरडी पडली आणि तोवर हेडलाइटचे तीन बल्ब उडाले होते. मिस्त्री म्हणाले रेक्टिफायर गेला. कंपनीचा जुना काढून बाजारातलं चारशे ऐंशी रुपयांचं रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवलं. आठवडाभरात चौथा बल्ब उडाला. वाघबिळाच्या चढाला तिसऱ्या गिअरवर जरा पिळली की समोर एकदम झगझगीत उजेड पडायचा आणि मग काळोख. पस्तीस वॉटचा बल्ब सत्तर रुपयांना. रक्कम मोठी नाही, पण पन्हाळ्याच्या रस्त्यावर रात्री आठ वाजता मोबाइलच्या टॉर्चवर घरी येण्यात काही मजा नाही.

मिस्त्रींना चार वेळा सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं: "काका, किकवर चालतीया न्हवं? मग बॅटरीचं काय घेऊन बसलायसा?" ह्या वाक्याचा मला मनापासून राग आहे. आर-एक्सला सीडीआय (ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) आहे, ठिणगीपुरती वीज मॅग्नेटोतून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या यंत्रातून, थेट मिळते, हेडलाइटसुद्धा मॅग्नेटोवरच चालतो, म्हणून बॅटरी मेली तरी गाडी पळते. हे खरं. पण ब्रेकलाइट, हॉर्न आणि इंडिकेटर बॅटरीवर आहेत. जुलैत बॅटरीशिवायच गगनबावड्याला जाताना असळजच्या पुढं धुकं इतकं होतं की पुढच्या एसटीचा मागचा दिवा दहा फुटांवर आल्यावर दिसला. मागं मुलगी बसली होती. आपण ब्रेक दाबला तर मागच्याला काहीच दिसणार नाही, हे मला त्या क्षणी कळलं आणि उरलेला रस्ता मी डाव्या कडेनं, सारखा हात बाहेर काढत काढला. कोल्हापुरात कितीतरी जुन्या आर-एक्स अशाच बॅटरीशिवाय फिरतात आणि गॅरेजवाले त्यांना तसंच फिरू देतात. हे बंद व्हायला पाहिजे.

इथपर्यंतचा बहुतेक मजकूर मी श्रावणात लिहिला होता. खाली "युनिट घेऊ नका, पैसे पाण्यात" असंही लिहून ठेवलं होतं. ते आता खोडलं आहे.

ऑगस्टमध्ये तिसऱ्या बॅटरीचं पाणी उतरायला लागलं. ही झाकणं उघडणारी होती, म्हणून दिसलं तरी. मिस्त्री म्हणाले आता मॅग्नेटोची कॉइल नवीन वाइंड करून घ्या. खर्च ऐकून गाडी घरी आणली. आमच्या गल्लीत वीज मंडळातून निवृत्त झालेले वायरमन मामा आहेत. ते खुर्ची घेऊन येऊन बसले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "अर्थ कुठं दिलाय रं ह्याला?" अर्थ म्हणजे वीज परत जायची वाट, गाडीत चेसी आणि तिला जोडलेलं बॅटरीचं निगेटिव्ह.

लक्ष्मीपुरीतून साडेतीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणला. डीसी वीस व्होल्टवर ठेवला. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.५. चालू करून रेस दिली तर १४.८, १५.५, १६.२ आणि आकडा वर चढतच होता. १४.५ च्या आसपास थांबायला पाहिजे. त्याच्या वर बॅटरीतल्या पाण्याचा वायू होऊन उडून जातो, प्लेटा उघड्या पडतात, आणि बंद डब्याची बॅटरी असेल तर ती फुगते. म्हणजे दुकानदाराचं निदान बरोबर होतं. कारण सांगायचं काम त्याचं नव्हतं, ते मिस्त्रींचं होतं.

मग मामांनी मीटर बझरवर टाकला, म्हणजे दोन टोकांमध्ये वीज जायला वाट असेल तरच तो ओरडतो. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं युनिटच्या बॉडीला. आवाज नाही. टोक युनिटच्या बोल्टवर ठेवलं, तरी नाही. शेजारी चेसीवरचा रंग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खरवडला, खाली पांढरा धातू दिसला, तिथं टोक टेकवलं आणि मीटर ओरडला.

माझ्या युनिटला अर्थची वेगळी वायर नाही, त्याची ॲल्युमिनियमची बॉडी हाच अर्थ. आणि ती बॉडी बसली होती पावडर कोटिंगवर. हे कोटिंग भट्टीत १८० ते २०० अंशांवर भाजतात, साठ-ऐंशी मायक्रॉनचा थर होतो, आणि तो वीज अजिबात जाऊ देत नाही. बोल्टच्या भोकातसुद्धा तोच थर. युनिट बॅटरीचा व्होल्टेज मोजतं ते अर्थच्या हिशेबानं. अर्थच अधांतरी असेल तर त्याला व्होल्टेज कमी दिसतो आणि ते चार्जिंग चालूच ठेवतं. हेडलाइटचा जादा करंट अर्थमध्ये सोडून देणं हेही त्याचंच काम. तो सोडायला जागाच नाही, मग बल्ब उडणारच. बॅटरी आणि बल्ब, दोन्ही रोगांचं मूळ एकच. आणि जुनं युनिट काढून नवीन बसवलं तेही त्याच रंगावर.

मामांनी खात्रीसाठी एक वायर युनिटच्या बॉडीवर धरली आणि दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. "दे रेस." १४.३ ला आकडा थांबला. पुन्हा पिळली, १४.३. वायर काढली की १६. लावली की १४.३. मी हे पाच-सहा वेळा करून बघितलं, मामा काही बोलले नाहीत, करू दिलं.

दुरुस्ती अशी: बोल्टच्या भोवती रुपयाएवढ्या जागेतलं कोटिंग पॉलिश पेपरनं धातूपर्यंत घासलं, युनिटची बसायची बाजूही घासली, खाली दातेरी वायसर टाकला, आणि त्याच बोल्टवर थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी) मारून एक जाड काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली. वरून ग्रीस, नाहीतर आपल्याकडच्या पावसात उघडा धातू महिन्यात गंजेल. इंजिनापासून चेसीपर्यंत अशीच एक वायर दिली. सगळं मिळून पंधरा-वीस रुपये. त्याआधी गेलेले: दोन बॅटऱ्या साडेअठराशे, युनिट चारशे ऐंशी, सात बल्ब चारशे नव्वद. हे दोन हजार आठशे वीस रुपये मला अजून टोचतात.

ज्यानं कोटिंग केलं त्याचं काम चांगलं आहे, त्याला दोष नाही. गाडी परत जोडताना अर्थच्या जागा घासायच्या असतात, हे जोडणाऱ्याला माहीत असायला हवं होतं.

आता युनिटचा निकाल. आठ महिने झाले, त्यातले शेवटचे जवळजवळ तीन नीट अर्थवर. हजार-बाराशे किलोमीटर झाले असतील. रेस देऊन १४.३ ते १४.४, पावसातही तेच. गरम होतं, पण हात टेकवता येतो. तक्रार एकच: कपलर (वायरी जोडायचा प्लग) सैल आहे, खड्ड्यात हलतो, मी केबल टायनं आवळून ठेवलाय. आणि कंपनीचं जुनं युनिट मी भंगारात दिलं नव्हतं. ते लावून बघितलं तर १४.१, ठणठणीत. म्हणजे मार्चमध्ये नवीन घ्यायची गरजच नव्हती. तुमचं जुनं असेल तर आधी बझर लावून बघा, मगच दुकानात जा. माझं जुनं आता सीटखाली जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवलंय, कारण त्याच्या कपलरची खाच तुटली आहे.

तिसऱ्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरलं, रात्रभर हळू चार्ज केली. प्लेटांना थोडा मार बसलाय, सकाळी १२.४ दाखवते, पूर्वी १२.६ असायची. तरी हॉर्न खणखणीत वाजतो. आठवा बल्ब अजून घ्यावा लागलेला नाही. परवा मुलीला मागं उभं करून ब्रेक दाबला आणि विचारलं, लागतोय का. ती म्हणाली, "लागतोय, बाबा. डोळ्यांवर येतोय."