डोळ्यांच्या जंतुसंसर्गाच्या सूक्ष्मजीवशास्त्रावरील कार्यशाळा : एक पावसाळा आणि एक ऊसतोड हंगाम वापरून पाहिल्यानंतर

दक्षिणेतील एका मोठ्या नेत्रसंस्थेने गेल्या उन्हाळ्यात नेत्रतज्ज्ञ आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्यासाठी घेतलेल्या तीन दिवसांच्या कार्यशाळेला मी आणि आमच्या रुग्णालयातील तंत्रज्ञ असे दोघे गेलो होतो. शिकवलेल्यापैकी रोजच्या कामात काय टिकते हे परत आल्याबरोबर कळत नाही. त्यासाठी निदान एक पावसाळा आणि एक ऊसतोडीचा हंगाम जावा लागतो. म्हणून हा अभिप्राय आता लिहीत आहे. जाण्याचा विचार करणाऱ्यांना, विशेषतः लहान गावांत काम करणाऱ्यांना, त्याचा उपयोग व्हावा अशी मनापासून इच्छा आहे.

आमचे रुग्णालय मराठवाड्यात तालुक्याच्या गावी आहे. ऊस तोडताना पाते लागणे, सोयाबीनच्या मळणीत भुसकट उडून डोळ्यात जाणे, तुरीची काडी लागणे अशा किरकोळ वाटणाऱ्या दुखापतींनंतर बुबुळावर व्रण घेऊन येणारे रुग्ण आमच्याकडे वर्षभर असतात. आमच्याकडे येईपर्यंत त्यांनी बहुतेकदा मेडिकलमधून थेंब आणून घातलेले असतात आणि त्यांत स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी असते. चार दिवस लाली उतरते, ठणका कमी होतो आणि आत बुरशी पसरत राहते. हा व्रण जिवाणूंचा की बुरशीचा, हे नुसते स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहून ठरवणे हा अनुभवी डोळ्यालाही अंदाजच ठरतो आणि त्या अंदाजाची किंमत रुग्णाला दृष्टीने मोजावी लागते. ही कार्यशाळा नेमकी याच जागी उपयोगी पडते.

पहिला संपूर्ण दिवस स्क्रेपिंगला, म्हणजे व्रणातून नमुना खरवडून घेण्याला दिला होता. एवढ्याशा गोष्टीला एवढा वेळ कशाला, असे काही सहभागींना वाटले. माझ्या मते कार्यशाळेतील सर्वांत मोलाचा दिवस तोच होता. बकऱ्याच्या डोळ्यांवर आधी जखम तयार करून ठेवली होती आणि प्रत्येकाकडून किमुरा स्पॅच्युला (खरवडण्याची बारीक चपटी पट्टी) व 15 क्रमांकाचे शस्त्रक्रियेचे पाते अशा दोन्हींनी नमुना घेऊन पाहिला गेला. बधिरतेसाठी 0.5 टक्के प्रोपॅराकेन का वापरायचे (त्याचा जंतूंवर होणारा परिणाम इतर औषधांपेक्षा कमी असतो), व्रणावरील सैल मळ आणि पू आधी का काढायचा, नंतर कडेवरून आणि तळातून दोन्हीकडून कसे खरवडायचे, पापण्यांच्या केसांना पात्याचा स्पर्श का होऊ द्यायचा नाही, आणि तापवलेला स्पॅच्युला पुरता गार झाल्याशिवाय डोळ्याजवळ का न्यायचा नाही, हे सगळे हातांनी करून घेतले गेले. मिळणारा नमुना टाचणीच्या डोक्याइतकाही नसतो. त्यातूनच दोन-तीन स्लाइड आणि जंतू वाढवण्याची चार-पाच माध्यमे साधायची असल्यामुळे कोणत्या क्रमाने काय करायचे याला फार महत्त्व आहे आणि तो क्रम आमच्या अंगवळणी पडला तो तिथेच.

दुसऱ्या दिवशी बुरशी शोधण्यासाठी करायच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या स्लाइडचा अभ्यास झाला. 10 टक्के द्रावणाचा थेंब टाकून काही मिनिटे थांबायचे, सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर (प्रकाश एकवटणारा भाग) खाली घ्यायचा, आधी 10 च्या आणि मग 40 च्या भिंगाखाली पाहायचे, एवढी कृती कोणत्याही पुस्तकात मिळते. पुस्तकात मिळत नाही ते फसवणाऱ्या गोष्टींचे ज्ञान. कापसाचा तंतू, द्रावण वाळून तयार झालेले स्फटिक, पेशींच्या एकमेकींना लागलेल्या कडा हे सगळे नवख्या माणसाला बुरशीचे धागे वाटतात. बुरशीच्या धाग्याची जाडी बऱ्यापैकी सारखी असते, त्यात आडवे पडदे दिसतात आणि त्याला फांद्या फुटलेल्या असतात; कापसाचा तंतू मध्येच रुंद, मध्येच पिळलेला असतो. अशा खऱ्या-खोट्या स्लाइड मिसळून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकाने आपले उत्तर लिहून द्यायचे होते. आमच्या तंत्रज्ञांची नजर त्या सत्रात तयार झाली आणि पुढे वर्षभर त्याचाच आम्हाला सर्वाधिक फायदा झाला.

एक उदाहरण सविस्तर देतो. हंगामाच्या सुरुवातीला ऊसतोडीच्या टोळीतील एक बाई आठवडाभराच्या दुखण्यानंतर आल्या. बुबुळाच्या खालच्या बाजूला करडा-पांढरा, कोरडा, पिसासारख्या कडांचा व्रण, शेजारी दोन लहान ठिपके आणि आत पुवाची बारीक रेघ होती. टोळी दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी निघणार होती, त्यामुळे तपासणीसाठी जिल्ह्याला जा आणि अहवाल घेऊन परत या, असे सांगण्यात काही अर्थ नव्हता. स्लिट लॅम्पवरच नमुना घेतला, शेजारच्या खोलीत स्लाइड पाहिली आणि त्या बाकावर बसलेल्या असतानाच आडवे पडदे असलेले धागे स्पष्ट दिसले. 5 टक्के नॅटामायसिन हे बुरशीविरोधी थेंब त्याच दुपारी सुरू झाले. बाटली दर वेळी हलवून घ्यायची, जागेपणी दर तासाला थेंब टाकायचा आणि दुसरे कोणतेही थेंब घालायचे नाहीत, हे त्यांच्या मुकादमालाही समजावून सांगितले. व्रण भरला, फूल राहिले, पण ते बाहुलीच्या खाली असल्यामुळे कामापुरती नजर शाबूत आहे.

औषधाच्या निवडीमागचा आधारही कार्यशाळेत नीट समजावला गेला. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, स्लाइडवर तंतुमय बुरशी दिसलेल्या 323 रुग्णांमध्ये नॅटामायसिन हे व्होरिकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधापेक्षा सरस ठरले आणि फ्युजेरियम या बुरशीच्या संसर्गात हा फरक सर्वांत ठळक होता. त्या चाचणीत रुग्णांची निवडच स्लाइडवरून झाली होती, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. 2012 च्या दुसऱ्या चाचणीत जिवाणूंच्या व्रणात प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड दिल्याने एकंदरीत फायदा किंवा तोटा दिसला नाही, मात्र नोकार्डिया या तंतुमय जिवाणूच्या रुग्णांचे नुकसान झाले. नोकार्डियाचे तंतू बारीक आणि मण्यांसारखे तुटक दिसतात. ते ओळखण्यासाठी 1 टक्का गंधकाम्लाने रंग उतरवण्याची पद्धत आम्ही तिथे शिकलो आणि घरी येऊन लगेच सुरू केली. पावसाळ्यात त्याच पद्धतीने मायक्रोस्पोरिडिया या सूक्ष्म परजीवीचे लांबट गुलाबी बीजाणूही दिसले. साध्या 'डोळे आलेत' म्हणून येणाऱ्यांपैकी काहींच्या बुबुळावर जे जाडसर ठिपके दिसतात, त्यांचा उलगडा त्यामुळे होऊ लागला.

पिथियमवरील व्याख्यान तासाभराचेच होते, पण ते कोणी चुकवू नये. स्लाइडवर बुरशीसारखा दिसणारा, रुंद, फितीसारखा आणि जवळजवळ पडदे नसलेला हा जीव खरी बुरशी नाही. बुरशीविरोधी औषधे ज्या अर्गोस्टेरॉल या घटकावर काम करतात ते त्याच्या पेशीपटलात नसल्यामुळे नॅटामायसिन निष्फळ ठरते आणि लिनेझोलिड व अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकांचा मार्ग धरावा लागतो. नॅटामायसिन नियमित घालूनही व्रण वाढत असेल तर स्लाइड पुन्हा काढून पडदे शोधायचे, हा नियम आम्ही तेव्हापासून भिंतीवर लावला आहे.

कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातील जंतू माध्यमावर वाढवून ओळखण्याच्या बाबतीत मात्र कार्यशाळा आमच्यासारख्यांना अर्ध्या वाटेवर सोडते. प्लेटवर इंग्रजी सी अक्षराच्या आकारात नमुना लावायचा आणि रेघेबाहेरची वाढ बाहेरून आलेली समजून सोडून द्यायची. एकच जंतू दोन माध्यमांवर उगवला, किंवा एका घन माध्यमावर रेघेवर दाट उगवून स्लाइडशी जुळला, तरच त्याला महत्त्व द्यायचे, ही शिकवण उत्तम आहे. पण मेंढीचे रक्त घातलेल्या प्लेट तालुक्याच्या गावी आणायच्या कुठून, त्यांची मुदत संपण्यापूर्वी तेवढे रुग्ण येतीलच असे नसताना खर्चाचा मेळ कसा घालायचा, वीज गेल्यावर फ्रीजमधल्या प्लेटवर पाणी सुटते त्याचे काय करायचे, यावर एक शब्दही नव्हता. बुरशी वाढवण्याचे सॅबुरो माध्यम 25 ते 30 अंशांत ठेवा, असे शिकवले गेले. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये खोलीचेच तापमान 40 च्या आसपास असते, म्हणजे थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर हवा आणि त्याची किंमत वेगळी. शेवटी आम्ही ठरवले ते असे : स्लाइड इथेच पाहायची, मोजकी माध्यमे नमुना लावून त्याच दिवशी पेटीतून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत माणसाबरोबर पाठवायची आणि उपचार स्लाइडवर सुरू करायचा. ही व्यवस्था नीट चालली आहे. मात्र असा मधला मार्ग आयोजकांनी स्वतःहून शिकवायला हवा होता, कारण सहभागींपैकी निम्म्याहून अधिक लोक लहान गावांतले होते.

प्रतिजैविकांच्या संवेदनशीलतेच्या (कोणते औषध त्या जंतूवर चालते याच्या) अहवालाबाबत एक मुद्दा सांगितला गेला, तो प्रत्येक नेत्रतज्ज्ञाने लक्षात ठेवावा : अहवालातील मर्यादा रक्तातील औषधाच्या प्रमाणावर ठरवलेल्या असतात आणि थेंबांतून बुबुळाला मिळणारे प्रमाण त्याहून कितीतरी अधिक असते. म्हणून 'प्रतिरोधक' असा शेरा आला तरी व्रण भरत असेल तर औषध घाईने बदलू नये. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत होणाऱ्या संसर्गाचे सत्र ठीक होते. व्हॅन्कोमायसिन 1 मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम 2.25 मिलिग्रॅम, प्रत्येकी 0.1 मिलिलिटरमध्ये आणि वेगवेगळ्या सिरिंजमध्ये, हे द्रावण प्रत्यक्ष बनवून घेतले, याचा उपयोग आहे. पीसीआरचे (जंतूच्या जनुकीय द्रव्यावरून तो ओळखण्याच्या चाचणीचे) सत्र माहितीपर होते.

जाणाऱ्यांनी एकट्याने जाऊ नये. नमुना डॉक्टर घेतो आणि स्लाइड तंत्रज्ञ पाहतो, तेव्हा दोघांनी एकत्र शिकले तरच परत आल्यावर काम सुरू होते; एकट्या आलेल्या काही सहभागींचे काम यामुळेच अडले, असे सहभागी आणि प्रशिक्षक यांच्या मोबाइलवरील गटातील चर्चेतून दिसते. त्याच गटावर सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून मोबाइलने काढलेली स्लाइडची छायाचित्रे पाठवता येतात आणि प्रशिक्षक बहुधा त्याच दिवशी उत्तर देतात. शुल्कात ही सेवा धरलेली आहे, हे माहितीपत्रकात ठळकपणे लिहायला हवे. शेवटच्या दिवशी सरावासाठी वापरलेल्या स्टेन केलेल्या स्लाइडचा एक संच मागून घ्यावा. मागितल्यास देतात, आणि नव्या तंत्रज्ञाला शिकवायला आम्ही आजही तोच वापरतो.