गोव्यातली जुनी मोटार: कोणत्या क्लबात जावं, आणि मासिकात छापून येण्याचा उपयोग किती?

घराच्या मांगरात ताडपत्रीखाली एखादी जुनी फियाट, बीटल किंवा डिझेल मर्सिडीज उभी आहे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायचं मनात आहे, असं नुसतं म्हटलं तरी दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘मुंबईच्या क्लबात नाव घाल.’ दुसरा, ‘एकदा मोटारींच्या मासिकात फोटो येऊ दे, मग बघ भाव कसा चढतो.’ दोन्ही सल्ले काही गाड्यांना लागू पडतात, पण गोव्यात सापडणाऱ्या बहुतेक गाड्या त्यांत बसत नाहीत. का, ते पाहू.

गोव्याच्या गाड्यांची कुंडलीच वेगळी आहे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत भारताचे आयातीचे निर्बंध इथे लागू नव्हते. उलट पन्नाशीच्या दशकात भारताने नाकेबंदी केली तेव्हा खनिजाच्या निर्यातीतून आलेल्या पैशावर परदेशी माल थेट मुरगाव बंदरात उतरू लागला. पुण्या-मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट किंवा उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्सची गाडी मिळवायला लोक ताटकळत होते, त्या काळात इथल्या डॉक्टरकडे, व्यापाऱ्याकडे युरोपातून आलेली गाडी असे. मर्सिडीज १८० डी आणि १९० डी तर इथे टॅक्सी म्हणून धावल्या. मडगाव, फोंडा, म्हापसा भागातल्या जुन्या घरांतून अजून ज्या गाड्या निघतात त्यांचा इतिहास हा असा आहे. त्याचा राजेरजवाड्यांशी काही संबंध नाही.

हे आधी सांगायचं कारण, भारतात जुन्या मोटारींबद्दल जे छापून येतं त्याला संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसचं मोठं वेड आहे. मासिकाला गोष्ट हवी असते, आणि महाराजा, शिकार, चांदीचा पत्रा या गोष्टीला वाचक ठरलेला असतो. मोठे क्लब आणि मोठी मासिकं इथे एकमेकांना पूरक ठरतात. क्लब मेळावा भरवतो, मासिक त्याचे फोटो छापतं, फोटोत दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मोठ्या गाड्या पुढे असतात, आणि पुढच्या वर्षी तशाच गाड्यांना मानाची जागा मिळते. दिल्लीत १९६४ पासून आणि कोलकात्यात १९६८ पासून भरणारी स्टेट्समनची रॅली तर वृत्तपत्रानेच सुरू केलेली. तेव्हा प्रसिद्धी आणि जुन्या मोटारींचा छंद यांची सोयरीक आपल्याकडे पहिल्यापासूनची आहे.

आता पर्याय. मुंबईचा व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया हा सर्व मेकच्या, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या, गाड्यांचा क्लब. त्याच्या शिफारशीला कागदोपत्री वजन आहे. मोटार विम्याच्या अखिल भारतीय दरपत्रकात ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि या क्लबने प्रमाणित केलेली खासगी गाडी व्हिंटेज धरली जाते आणि तिच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के सवलत सांगितली आहे. तुमच्याकडे १९३६ ची ऑस्टिन किंवा १९३८ ची शेव्हर्ले असेल तर पुढे वाचायची गरजच नाही, मुंबईला अर्ज पाठवा. पण १९५८ ची बीटल किंवा १९६३ ची मर्सिडीज असेल तर हा फायदा तुम्हाला नाही. मग उरतात गाठीभेटी, परीक्षकांचं मत आणि मेळाव्यात मिरवणं. त्यासाठी सहाशेच्या आसपास किलोमीटर गाडी न्यायची. घाटातून चालवत न्या नाहीतर ट्रेलरवर घाला, खर्च आणि जीव दोन्ही टांगणीला. कोकण रेल्वेने २०२५ च्या गणेशोत्सवात कोलाड ते वेर्णा मोटारी वॅगनवरून नेण्याची सोय केली होती. ती चाकरमान्यांसाठी होती, पण तशी सोय बारमाही झाली तर जुन्या गाडीवाल्यांनी पेढे वाटावेत.

याच संदर्भात वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनचं नाव निघतं. ही संस्था १९१९ ची, पण ती सर्वसाधारण वाहनधारकांची आहे, जुन्या गाड्यांची नव्हे. ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सभासदाला विम्यात ५ टक्के सूट मिळते, तीही जास्तीत जास्त २०० रुपये. एवढ्यासाठी सभासद व्हायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

दुसरा पर्याय एकाच मेकच्या किंवा मॉडेलच्या क्लबचा, आणि गोव्यातल्या गाडीमालकाने खरं तर इथून सुरुवात करावी. फियाट ११०० वाल्यांचे, बीटलवाल्यांचे, मर्सिडीजवाल्यांचे असे वेगवेगळे गट देशात आहेत. इथे बोलणं थेट मुद्द्याचं असतं. १०८९ सीसीच्या इंजिनाला कोणता पिस्टन बसतो, बीटलच्या तळाचा पत्रा कोण बनवून देतो, दाराचं रबर कुठल्या गाडीचं चालतं. शिवाय अशा क्लबात राहिलं की कारखान्याच्या दप्तराचा रस्ता सापडतो. वुल्फ्सबर्गच्या फोक्सवॅगन संग्रहालयातून तुमच्या बीटलचा जन्मदाखला मिळू शकतो. मर्सिडीजच्या जुन्या गाड्यांसाठी चेसिस नंबरवरून डेटा कार्ड निघतं. मॉरिस, ऑस्टिनसारख्या ब्रिटिश गाड्यांची जुनी कारखाना-नोंदपुस्तकं गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये आहेत, तिथून दाखला देतात. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता होता, ही माहिती अशा कागदावर येते. ‘ही गाडी आजोबांनी थेट युरोपातून मागवली’ हे घरात तीन पिढ्या सांगितलं जातं, पण गाडी घेणाऱ्याला कागद दाखवावा लागतो. मासिकातल्या चार रंगीत पानांपेक्षा हा एक कागद जास्त बोलतो असं माझं स्पष्ट मत आहे.

एकाच मेकच्या क्लबला तोटेही आहेत. तिथली माणसं कडवी असतात. गोव्यातल्या बऱ्याच डिझेल मर्सिडीजमध्ये मूळ इंजिन राहिलेलं नाही. मूळचं थकल्यावर मेस्त्री हाताला येईल ते बसवत, आणि बजाज टेम्पोने मर्सिडीजच्याच परवान्याने बनवलेलं ओएम ६१६ इंजिन त्यासाठी सोयीचं. माझ्या लेखी ती गाडी जगवण्याची शहाणी युक्ती होती, टॅक्सीवाल्याला पोट होतं. पण बोनेट उघडल्याबरोबर मर्सिडीजवाल्यांच्या ते लक्षात येतं आणि पुढचा अर्धा तास तुम्हाला ऐकून घ्यावं लागतं.

मर्सिडीजचीच गोष्ट निघाली म्हणून, ‘ऑटोकार इंडिया’ हे मासिक २०१४ पासून मर्सिडीज-बेंझ क्लासिक कार रॅलीच्या आयोजनात आहे. निर्माता, मासिक आणि मालक एकाच मांडवात. गाडी रॅलीत उतरली तर छापून येण्याची शक्यता चांगली, आणि या रॅलीत महाराजांच्या गाड्यांबरोबर साधी डिझेल मोटारही उभी राहू शकते, ही मोठी जमेची बाजू. मात्र अशा वृत्तांतात परखडपणा शोधू नका. यजमान आपल्याच पंगतीला नावं ठेवत नसतो. सगळ्याच गाड्या देखण्या, सगळेच मालक हौशी. तुम्हाला आठवण म्हणून अंक जपायचा असेल तर हे उत्तम. गाडीचं परीक्षण व्हावं असं वाटत असेल तर ते तिथे छापून येणार नाही.

तिसरा पर्याय गोव्यातल्याच मंडळींचा. रविवारी सकाळी ऊन चढण्याआधी दहाबारा गाड्या निघतात, कुठेतरी चहा-भजी, आणि परत. लेखी नियमावली नाही, वर्गणी नाममात्र, कारभार व्हॉट्सअॅपवर. प्रसिद्धी म्हणावी तर दुसऱ्या दिवशी दैनिकात एक फोटो, त्यात झेंडा दाखवणारे पाहुणे मोठे आणि गाड्या मागे, धूसर. ओळीत मॉडेल आणि साल बहुधा नसतंच. पण दुसऱ्या कुठल्याही क्लबला देता येणार नाही ते हे लोक देतात. खाऱ्या हवेत आणि तीन हजार मिलिमीटरच्या घरात जाणाऱ्या पावसात पत्रा कसा टिकवायचा हे दिल्लीच्या तज्ज्ञाला पुस्तकातून माहीत असतं. इथल्या माणसाला माहीत असतं की मडगार्डच्या आतल्या काठाशी चिखल कुठे अडकतो, पावसाळ्यात कव्हर घातलं तर आत घाम धरून गाडी उलट लवकर गंजते, आणि कोणता डेंटर अजून शिशाने पत्रा भरतो.

सध्या सगळीकडे चर्चा आहे ती २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची. जुन्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरमधले पडदे आणि वायसर त्याने खराब होतात. वर इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि गोव्याच्या हवेत ओल किती ते सांगायला नको. गाडी जूनपासून सप्टेंबरपर्यंत उभी राहिली तर टाकीच्या तळाला पाणी आणि गंज. नळ्या कोणत्या घ्यायच्या, पावसाळ्याआधी टाकी रिकामी करायची की नाही, हे मासिकात वाचण्यापेक्षा शेजारच्या गावातल्या बीटलवाल्याला विचारावं. एकत्र जाऊन गाड्या बघायच्या तर नुव्याला अश्वेक व्हिंटेज वर्ल्ड आहेच.

मासिकांबद्दल थोडं स्वतंत्रपणे बोलायला हवं, कारण ‘मासिक’ म्हणून सगळी एका पोत्यात घालता येत नाहीत. आपली इंग्रजी मोटार मासिकं नव्या गाड्यांवर जगतात, जाहिरात तिथली असते. जुन्या गाडीला महिन्यातून काही पानं, आणि ती बहुधा मेळाव्याला किंवा दुर्मीळ गाडीला जातात. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांनाच वाहिलेली मासिकं उभी राहिली, आणि त्यांचेही स्वभाव वेगळे. १९८० साली निघालेलं ‘प्रॅक्टिकल क्लासिक्स’ हाताला ग्रीस लागलेल्या वाचकाचं. १९८२ चं ‘क्लासिक अँड स्पोर्ट्स कार’ आणि २००३ चं ‘ऑक्टेन’ यांत लिलाव, शर्यती, संग्राहक. मांगरातल्या मॉरिस मायनरसाठी पहिलं घ्या. ‘ऑक्टेन’ बघायला सुंदर आहे, पण ते वाचून ब्रेक सुधारत नाहीत.

तिकडे क्लब आणि मासिक एकमेकांना किती घडवतात याचा नमुना म्हणजे ‘मोटर स्पोर्ट’. हे मासिक १९२४ चं. १९३४ मध्ये व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब निघाला आणि १९३० अखेरपर्यंतच्या गाड्या आपल्या, अशी रेघ त्याने ओढली. बिल बॉडी १९३६ पासून १९९१ पर्यंत त्या मासिकाचे संपादक होते आणि क्लबचे कट्टर पाठीराखे. पन्नासहून जास्त वर्षं एकच माणूस लिहीत राहिल्यावर कोणती गाडी जपण्यालायक हे आपोआप ठरत गेलं. आपल्याकडे गोव्याच्या गाड्यांना असा बिल बॉडी मिळालेला नाही. मासिकं गोव्यात येतात ती किनारा आणि माड पार्श्वभूमीला घेऊन दुसरीच गाडी उभी करायला. तुमच्या गाडीवर लिहायला कोणी आलं तर त्याला आधी ‘जीडी’ने (गोवा, दमण) सुरू होणारी जुनी नंबरप्लेट दाखवा, बंदरातून गाडी सुटल्याचे कागद असतील तर ते दाखवा. सूर्यास्ताचा फोटो मग काढू दे.

छापून येण्याची एक बाजू कोणी सांगत नाही. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. इथे व्हिंटेजची व्याख्या विम्यातल्यापेक्षा वेगळी आहे: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, फेरनोंदणीला ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, गोव्यातल्या जुन्या नंबरवाल्यांसाठी ही गोष्ट महत्त्वाची. पण मग गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. आता कल्पना करा, इंजिन बदलल्याची रसभरीत हकिकत फोटोसकट मासिकात छापून आली आहे आणि तुम्ही ‘मूळ स्वरूपातली’ म्हणून अर्ज करताय. किंवा व्हिंटेज नोंदणी घेतली आहे आणि लेखात अभिमानाने सांगितलंय की मालक रोज याच गाडीने म्हापशाच्या बाजारात जातात. कात्रण दोन्हीकडून चालतं. मूळ रंगाचा, मूळ इंजिनाचा तारीखवार पुरावा म्हणूनही तेच उपयोगी पडतं. म्हणून वार्ताहराशी बोलण्याआधी नोंदणी कोणती ठेवायची ते पक्कं करा.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली फिवा ही जुन्या वाहनांच्या क्लबांची संस्था ३० वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक मानते. तिच्या ट्यूरिन सनदेचा भर चकचकीत करण्यापेक्षा आहे ते जपण्यावर आहे. कॉन्कुर स्पर्धांतही, म्हणजे जिथे परीक्षक गाड्या तपासून गुण देतात तिथेही, पुन्हा न रंगवलेल्या गाड्यांचा वेगळा गट असतो. हे लक्षात घेतलं तर फिकट झालेला मूळ रंग घासून टाकायची घाई करू नका. मुंबईच्या परीक्षकाला आणि मासिकाच्या छायाचित्रकाराला दोघांनाही तो रंग आवडण्याची शक्यता आहे.

माझा कौल असा. गाडी १९४० पूर्वीची असेल तर मुंबईचा क्लब. युद्धानंतरची असेल तर एकाच मेकचा क्लब आणि इथली रविवारची मंडळी, दोन्ही. मुंबईचं नाव नंतर, गाडी स्पर्धेला न्यावीशी वाटली तर. ज्याला गाडी विकायचीच आहे त्याने मात्र क्रम उलटा धरावा: आधी कारखान्याचा दाखला, मग मासिकात लेख, मग विक्री. लेखात गाडी कुठे ठेवता ते गाव आणि घराचा फोटो येऊ देऊ नका.

क्लबच्या चिटणीसाला फोन करण्याआधी एक काम उरकून घ्या. चेसिसवरचा नंबर साफ करून त्यावर कागद धरा आणि पेन्सिलने ठसा घ्या, आरटीओत नेतात तसा. इंजिन नंबरचाही. हे मे महिन्यातच करा. आपल्याकडच्या एका पावसाळ्यात त्यातला एखादा आकडा गंजाखाली जातो, आणि मग क्लब, कारखाना, मासिक, कोणीच तुमच्यासाठी काही करू शकत नाही.